ताठ मानेचा बगळा

टॉक्!

चमच्याच्या दांड्याने तिने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं आणि दुपारची सगळी शांतता त्या एका आवाजाने भंगली. ती श्वास रोखून बसली. आतल्या खोलीत मुंगीने कूस बदलली, झोपेत काहीतरी पुटपुटली... आणि परत गाढ झोपली. सुटले बाई, ती मनात म्हणाली. सहा वर्षांच्या मुलीची दुपारची झोप म्हणजे जेमतेम दीड तास. तेवढ्यात पाटीवरची अक्षरं उरकायची, ब्रश धुवायचे आणि पुन्हा आई व्हायचं.

ती पाट्या रंगवायची. दवाखाने, शाळा, शिवणाची दुकानं – अर्ध्या गावाची नावं तिच्या हातची होती. छापील फ्लेक्स आले आणि कामं आटत गेली. पण गेल्या महिन्यात गावाबाहेरच्या राखीव रानाच्या कार्यालयाने आपणहून बोलावणं धाडलं. तिथे जंगल आणि पाणथळ दोन्ही एकाला एक लागून होतं, आणि फ्लेक्स वाऱ्यावर फडफडला की पाण्यावरची बदकं उडून जायची. म्हणून त्यांना पत्र्यावर हाताने रंगवलेल्या सहा पाट्या हव्या होत्या. प्रत्येकीवर एक पक्षी, खाली दोन ओळी माहिती. पहिली पाटी कालच जीपवाला घेऊन गेला होता.

दारावर टकटक झाली. अगदी हलकी, एका बोटाची. दारात एक उंच माणूस उभा होता. पायांत गुडघ्यापर्यंत गमबूट, बुटांवर वाळलेला चिखल, आणि काखेत... तिचीच पाटी.

“घंटा आहे,” ती कुजबुजली.

“दिसली. पण जीपवाला म्हणाला, या वेळेला घरात मूल झोपलेलं असतं.” तोही कुजबुजला. “मी राखीव रानाचा राखणदार. पाटी परत आणलीय.”

“का? अक्षर चुकलं?”

“अक्षर सुंदर आहे. पाय चुकलेत.”

“कुणाचे?”

“चांदव्याचे.”

तिने पाटीकडे पाहिलं. काळाभोर पक्षी, कपाळावर पांढरा चट्टा, आणि खाली तिने मन लावून रंगवलेले, बदकासारखे पडदा जोडलेले पाय.

“तुम्ही दिलेल्या फोटोत पाय पाण्याखाली होते,” ती म्हणाली. “दिसतच नव्हते.”

“म्हणून अंदाजाने काढलेत?”

“अंदाजाने नाही, अनुभवाने. इतकी वर्षं काढतेय.”

“किती चांदवे पाहिलेत आजवर?”

तिने खरं ते सांगून टाकलं, “एकही नाही.”

“मग तो अनुभव बदकाचा आहे.”

माणूस हसत नव्हता. पण त्याच्या डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं, आणि त्याचा तिला जास्तच राग आला.

“लोक पक्ष्याचे पाय बघायला येतात का हो तुमच्याकडे?”

“लोकांचं माहीत नाही. मी बघतो.” त्याने पाटी भिंतीला टेकवून ठेवली, पत्र्याचा आवाज होऊ नये म्हणून हळूच. “रविवारी सकाळी साडेसहाला या. प्रत्यक्ष दाखवतो. मग रंगवा.”

“मला मुलगी आहे.”

“तिलाही आणा. फक्त... फार बोलते का?”

तिला उत्तर द्यावं लागलं नाही. पाठीमागून डोळे चोळत मुंगी आली होती. तिने पाहुण्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं, नजर पुन्हा बुटांवर आणली, आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आई, या काकांचे बूट माझ्याएवढे आहेत!”

त्या दिवसापासून तो बूटकाका झाला.

*

रविवारी धुकं होतं. फाटकापासून झाडांखालून वाट जात होती. पानांवरून थेंब निथळत होते, आणि ओल्या पाचोळ्यावर तिघांच्या पावलांचा आवाजही होत नव्हता. मग झाडं विरळ झाली, वाटेवर लाकडी फळ्या आल्या, दोन्ही बाजूंना पाणकणसं डोक्याच्या वर गेली आणि पुढे नुसतं पाणी पसरलं. करडं, हललं न हललं असं.

पाण्याच्या काठाला फळ्यांची एक खोली होती. तिला लपण म्हणायचं, त्याने सांगितलं. आत एक बाक, समोर बघायला आडव्या फटी. इथे माणसाने लपायचं आणि पक्ष्यांनी मोकळं राहायचं.

“आत कुजबुजायचं,” तो मुंगीला म्हणाला. “जमेल, मुंगीबाई?”

“जमेल!” मुंगी ओरडली.

पाण्यावरची बारा बदकं एकदम उडाली.

तिच्या आईने कपाळावर हात मारला. तो मात्र फटीतून बघत शांतपणे म्हणाला, “बरं झालं. किती होती ते मोजता आलं.”

मग ते थांबले. अर्धा तास. पाऊण तास. चांदवे होते की समोर, सात-आठ, काळे ठिपके. पण सगळे पोहत. पाय पाण्याखालीच.

“हे बाहेर येतच नाहीत का?” तिने विचारलं.

“येतात.”

“कधी?”

“त्यांना वाटेल तेव्हा.”

“आणि तुम्ही रोज असे बसता?”

“रोज.”

“कंटाळा नाही येत?”

त्याने विचार केला. प्रश्न कुठलाही असो, तो आधी विचार करायचा आणि मग बोलायचा. सुरुवातीला तिला वाटलं, ऐकू कमी येतं की काय.

“एकट्याने बसलो की नाही येत,” तो म्हणाला. “कुणी सोबत असलं की... त्यांना कंटाळा येत असेल का, याचा विचार येतो.”

“मला नाही आला,” ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिने घाईघाईने थर्मासचं झाकण फिरवलं. चहा तिघांना पुरला नाही, म्हणून त्याने घेतला नाही. मग तिने आपला अर्धा कप त्याच्यासमोर धरला. त्याने तो घेतला. बोटं लागली नाहीत. लागली असती तरी चाललं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि ती पुन्हा पाण्याकडे बघायला लागली.

“आला!” तो पुटपुटला.

एक चांदवा काठावरच्या चिखलात चढला होता. तिने फटीला डोळा लावला. हिरवट पाय, लांब लांब बोटं, आणि प्रत्येक बोटाच्या दोन्ही अंगांना पानांसारखे चपटे पट्टे. पडदा नव्हताच. प्रत्येक बोट सुटं, आपापली पानं घेऊन चाललेलं.

“अगं बाई...” तिच्या तोंडून निघालं. “केवढे विचित्र.”

“विचित्र कुठे? पोहताही येतं, चिखलात चालताही येतं.”

“बरोबर आहे तुमचं.”

“परत म्हणा.”

“काय?”

“बरोबर आहे तुमचं, असं मला वर्षभरात कुणी म्हणालेलं नाही.”

ती हसली. आवाज न करता हसणं किती अवघड असतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

*

दुसऱ्या पाटीपासून रीत ठरून गेली. आधी रविवारी जाऊन पक्षी बघायचा, मग घरी येऊन रंगवायचा. रंग वाळला की तो यायचा, स्टुलावर बसायचा, आणि दहा मिनिटं पाटीकडे पाहायचा. मुंगी त्याच्या बुटांत पाय घालून घरभर फिरायची. चिखल फरशीवर सांडायचा. तिला तो पुसायचा कंटाळा यायचा नाही. ही गोष्ट तिने स्वतःशीसुद्धा फारशी बोलून दाखवली नाही.

“डोळ्याच्या कडा जरा पिवळ्या हव्यात.”

“पिवळ्याच आहेत.”

“जरा जास्त.”

“तुम्ही माझी परीक्षा घेताय की पक्ष्याची?”

“पक्षी पास झालाय,” तो म्हणायचा.

तिसऱ्या पाटीसाठी खंड्या पाहायचा होता. पण खंड्याची वाट बघताना एक राखी बगळा पाण्यावरून हळूहळू पंख मारत गेला, आणि राखणदाराने मुंगीला जवळ घेऊन दाखवलं. “बघ, उडताना मान कशी दुमडलीय. लांब मान ताठ ठेवून उडतो तो करकोचा. मान खांद्यात ओढून घेतो तो बगळा. कितीही लांबून ओळखता येतं.”

“का दुमडतो?”

“तशीच त्याची सवय.”

“मी पण झोपताना दुमडते,” मुंगी म्हणाली. हे तिघांनाही पटलं.

मुंगीचा बाबा तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात गेला होता आणि तिथे त्याने दुसरा संसार मांडला होता. फोन यायचा, कधी यायचा नाही. हे तिने राखणदाराला चौथ्या पाटीच्या वेळी सांगितलं, ब्रश पुसता पुसता, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं. त्याने ऐकून घेतलं. अरेरे म्हणाला नाही, सल्ला दिला नाही. जाताना फक्त म्हणाला, “रविवारी थर्मास मी आणतो. मोठा आहे माझ्याकडे.”

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. दादाचं लांबच्या शहरात फ्लेक्सचं दुकान होतं, आणि तिकडे ये म्हणून तो वर्षभर मागे लागला होता.

“वरची खोली रंगवून घेतलीय,” दादा म्हणाला. “तुझ्या वहिनीने शाळेचा फॉर्मही भरून टाकला. महिनाअखेरीला ट्रक पाठवतो. कॉम्प्युटरवर अक्षरं लावायची, बस. सावलीत बसून काम. तिथे पत्र्यावर वाकून वाकून मान मोडून घेणार आहेस का?”

“सहा पाट्यांचं काम घेतलंय, दादा.”

“ते संपव आणि ये. की आणखी काही अडकलंय तुझं?”

“नाही... काय अडकणार?”

पाचवी पाटी बघायला राखणदार आला तेव्हा तिने सांगितलं. महिनाअखेरीला जायचं आहे, घरमालकीणबाईंना कळवून झालंय, खोकी जमवायला सुरुवात केलीय.

तो पाटीकडे बघत राहिला.

“हं,” म्हणाला.

“सहावी आठ दिवसांत होईल.”

“हं.”

“हं म्हणजे?”

“हं म्हणजे... ऐकलं,” तो म्हणाला. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पाटीत त्याला काहीही कमी-जास्त दिसलं नाही.

*

सहावी पाटी राखी बगळ्याची होती. त्या ‘हं’नंतर तो फिरकला नव्हता, आणि ही पाटी परस्पर जीपवाल्याकडे द्या असा निरोप आला होता. तिने ती तीन दुपारींत पूर्ण केली. पाणी, पाणकणसं, उडणारा बगळा, पंखांची करडी धार... सगळं जिथल्या तिथे. आणि मग ब्रश हातात घेऊन ती बराच वेळ बसून राहिली. दुमडलेली मान तिला डोळे मिटूनही काढता आली असती. तिने मान ताठ काढली. सरळ, लांब, समोर रोखलेली, करकोच्यासारखी.

पत्र्यावर अशी धडधडीत चूक तिने आयुष्यात केली नव्हती. पण एक माणूस असा होता की तो चुकीचे पाय बघून दोन मैल चालत आला होता. मान बघून तर तो धावत येईल. येईल, एका बोटाने दार वाजवेल, म्हणेल, मान चुकलीय... आणि मग पुढे काय, ते तिने ठरवलं नव्हतं. एकदा यायला तर हवा.

जीपवाला पाटी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात पावलं वाजली, ती घरमालकीणबाईंची होती. पाचव्या दिवशी तिने भांडी खोक्यात भरली. सातव्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं: नव्या पाट्यांचा छोटासा समारंभ आहे, अवश्य यावे. खाली सही कार्यालयाच्या साहेबांची.

म्हणजे पाटी लागली. जशी होती तशी. म्हणजे त्याने नीट पाहिलीच नाही.

चुकीचं बोटही खपवून न घेणाऱ्या माणसाने अख्खी मान न बघता खिळे ठोकले, यावरून जे समजायचं ते तिने समजून घेतलं. उरलेले ब्रश कागदात गुंडाळले आणि खोक्याला चिकटपट्टी लावली.

*

समारंभाला वीसेक माणसं होती. पाऊस पडून गेला होता, फळ्या निसरड्या होत्या, आणि साहेब हातात छत्री घेऊन एकेका पाटीसमोर थांबत चालले होते. राखणदार सगळ्यांच्या मागे होता. धुतलेले बूट, इस्त्रीचा शर्ट. तिच्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि मग पाण्याकडे पाहिलं.

सहाव्या पाटीसमोर साहेब म्हणाले, “वा! काय झेप घेतलीय. बाई, हात आहे तुमचा.”

“आई,” मुंगी म्हणाली. कुजबुजायचा नियम फक्त लपणात होता, इथे नव्हता. “आई, बगळ्याची मान चुकलीय! बूटकाकांनी सांगितलं होतं, बगळा मान दुमडतो. हा करकोचा झालाय!”

वीस माणसं पाटीकडे बघायला लागली. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. “काय हो? पोर बरोबर बोलतेय का?”

राखणदार पुढे आला. “बरोबर बोलतेय, साहेब.”

“मग लावताना बघितली नाहीत?”

“बघितली होती.”

“चूक दिसली नाही?”

“दिसली होती.”

“आणि तरी लावलीत? अहो, आपल्याच पत्रकात एक स्वल्पविराम चुकला होता तर तुम्ही दोनशे प्रती परत छापायला लावल्या होत्यात!”

“चूक माझी आहे, साहेब. बाईंची नाही.”

कुणीतरी हसलं. साहेब त्याच्याकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे बघत राहिले. ते तीस वर्षं या खात्यात होते आणि दोन मुलींचे बाप होते. “दुरुस्त करून घ्या,” एवढंच म्हणून ते चहाकडे वळले, आणि त्यांच्यामागून सगळे.

मुंगीला बिस्किटं दिसली. तीही पळाली.

पाटीसमोर दोघं उरले.

“तुम्हाला दिसली होती,” ती म्हणाली. “मग परत का नाही आणलीत?”

त्याने नेहमीसारखा आधी विचार केला. पण आज विचार लांबला. मागे पाण्यावर कुठेतरी बदक बोललं.

“परत आणली असती,” तो म्हणाला, “तर तुम्ही एका दुपारीत मान दुमडली असती. मग मला कागदावर लिहावं लागलं असतं, काम पूर्ण. मग ट्रक आला असता.” त्याने पाटीच्या खिळ्यावरून बोट फिरवलं. “चुकीची पाटी लागलेली असेल तोवर मला काम पूर्ण असं लिहिता येत नाही. निदान... तेवढं तरी तुमचं इथे अडकून राहील, असं वाटलं.”

“आणि लोकांनी चुकीचा बगळा बघितला असता त्याचं काय?”

“रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. आठ दिवस या वाटेने आलो नाही. मागून फिरून जात होतो.”

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकाच वेळी, आणि आधी कुठलं आवरायचं ते सुचेना.

“अहो राखणदार,” ती म्हणाली, “माझ्याकडून ती चूक झालेली नाही.”

“म्हणजे?”

“मुद्दाम काढली तशी. तुम्ही परत घेऊन याल म्हणून. आठ दिवस मी जिन्यात बुटांचा आवाज ऐकत बसले होते.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग पाटीकडे. मग परत तिच्याकडे... चांदवा चिखलात चढला तेव्हा तिने जसं पाहिलं असेल, तसं.

“मुद्दाम?” तो म्हणाला. “एवढी मोठी चूक?”

“लहान केली असती तर आला असतात?”

“लहानशीच पुरली असती.” तो आता हसत होता, उघडपणे. “डोळ्याची कड पिवळी करायची राहिली असती, तरी आलो असतो.”

“मग आला का नाहीत?”

“सांगितलं ना... आलो असतो, तर तुम्ही गेला असतात.”

मग त्याने इस्त्रीच्या शर्टाचं टोक उगाचच ओढलं आणि म्हणाला, “मला नीट विचारता येत नाही. तुम्ही राहाल का? पाटीसाठी नाही. पाटी मीही पुसून टाकू शकतो. माझ्यासाठी.”

दादाची रंगवलेली खोली, वहिनीने भरलेला फॉर्म, सावलीतलं काम... सगळं तिने एकदा डोळ्यांपुढून जाऊ दिलं.

“मानेला वेळ लागेल,” शेवटी ती म्हणाली. “जागेवरच दुरुस्त करावी लागेल. रोज यावं लागेल.”

“किती दिवस?”

“मला वाटेल तेवढे.” आणि तिने त्याचा हात हातात घेतला. हात गार होता. “आज संध्याकाळी दादाला फोन करते. तो ओरडेल. ओरडू दे.”

*

परत येताना झाडांखालून मायलेकीच चालत होत्या. तो फाटकापर्यंत येतो म्हणाला होता, पण साहेबांनी त्याला थांबवून घेतलं. पानांवरून पाणी टपकत होतं. मुंगीच्या खिशात चार बिस्किटं होती आणि ती एकेक करून संपवत होती.

“मुंगे,” ती म्हणाली, “आपण मामाकडे राहायला नाही जायचं. इथेच राहायचं.”

“बूटकाकांमुळे?”

“तुला कुणी सांगितलं?”

“तू त्यांचा हात धरलास ना. मी बघितलं.”

“हो,” ती म्हणाली. “त्यांच्यामुळे. आवडतात ना तुला?”

मुंगीने मान डोलावली. शेवटचं बिस्किट तोंडात टाकलं, हात फ्रॉकला पुसले. ओल्या पाचोळ्यावरून दहा-बारा पावलं ती काही बोलली नाही, आणि मुंगी दहा-बारा पावलं गप्प राहते असं सहसा होत नसे. मग ती थांबली आणि आईकडे वर पाहत तिने विचारलं, अगदी साध्या आवाजात, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं:

“आई, बाबांसारखे हे पण गेले, तर मी रागवायचं कुणावर? त्यांच्यावर, का तुझ्यावर?”